‘ताडिले’ म्हणजे मारले की ओळखले? जुन्या मराठीतील ‘ताडन’ या शब्दाबद्दल

प्रश्न : महालची नाट्यलेखिका

नमस्कार. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांवर, म्हणजे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तले आणि त्यानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केले त्याच्या थोड्या आधीच्या काळावर, मी एक एकांकिका लिहीत आहे. तिच्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या ओसरीवर भरणारी पंतोजींची शाळा आहे, शेजारच्या देवळात पुराण सांगणारे पुराणिकबुवा आहेत आणि कोतवालीतला एक कारकून आहे. पंतोजींच्या तोंडी मी असे वाक्य घातले आहे : ‘काल आम्ही त्यास ताडिले, आज तो आपण होऊन पाटी घेऊन बसला.’ पहिल्या वाचनाच्या वेळी पंतोजींची भूमिका करणाऱ्या नटाने हे वाक्य मोठ्या कौतुकाने, डोळे बारीक करून म्हटले, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे पंतोजींनी त्या मुलाच्या मनातले ओळखले होते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही तोच अर्थ स्वाभाविक वाटला. मला अभिप्रेत असलेला अर्थ ‘वेताने मारले’ असा होता.

त्यावर संचातील एका हिंदी भाषक सहकाऱ्याने तुलसीदासांची ‘ढोल गवाँर सूद्र पसु नारी । सकल ताड़ना के अधिकारी’ ही चौपाई काढली आणि तिथेही ‘ताडना’ म्हणजे पारखणे, समजून घेणे असाच अर्थ असल्याचे हल्ली अनेक जण सांगतात, असे नमूद केले. चर्चा तिथून बरीच लांबली आणि वाचन बाजूला राहिले.

मारण्याचा ‘ताडणे’ आणि अंदाज बांधण्याचा ‘ताडणे’ ही एकाच क्रियापदाची दोन रूपे आहेत का, जुन्या वाङ्मयात हा शब्द नेमका कुणी, कुणाच्या संदर्भात वापरलेला दिसतो, आणि १८५० च्या आसपासच्या नागपुरातील पंतोजींच्या तोंडी तो शोभेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : कोशवाचक, धंतोली

ताई, आपल्या नटाचा दोष नाही. आजच्या मराठीत ‘ताडणे’ हे क्रियापद जिवंत आहे ते केवळ अंदाज बांधण्याच्या अर्थाने, त्यामुळे जिवंत अर्थ आधी कानावर येणारच.

मारण्याच्या अर्थाचा शब्द थेट संस्कृतातला आहे. धातुपाठात ‘तड आघाते’ असा दहाव्या गणातला धातू दिलेला आहे. त्याचे रूप ‘ताडयति’ आणि नाम ‘ताडन’. यास्काच्या निरुक्तात तर विजेला ‘तडित्’ का म्हणतात याचे कारण सांगताना शाकपूणी या पूर्वाचार्याचे मत दिले आहे, ते असे की ती आघात करते म्हणून तडित्. अशा व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरतीलच असे नाही, पण ‘तड’ या ध्वनीशी तडाख्याचे नाते जोडण्याची सवय किती जुनी आहे हे त्यावरून कळते. मराठीत हे नाम ‘ताडन’ आणि ‘ताडण’ अशा दोन्ही प्रकारे येते. संस्कृत नियमाप्रमाणे इथे ‘न’चा ‘ण’ होण्याचे कारण नाही. ‘ताडण’ हे मराठीच्या तोंडी बसलेले रूप आहे, जसे तुकोबांच्या ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण’ यातले ‘पाळण’.

अंदाजाच्या अर्थाचे ‘ताडणे’ मी वेगळे क्रियापद धरतो, कारण वाक्यातली त्याची वागणूक वेगळी आहे. ‘त्याने ताडले’ यापुढे आपण सहज ‘की पाहुणे आज राहणार’ असे उपवाक्य जोडतो; मारण्याच्या अर्थी असे उपवाक्य कधीच जोडता येत नाही, तिथे मार खाणारा हवा आणि तो जुन्या गद्यात बहुधा ‘त्यास’, ‘शिष्यास’ असा येतो. दुसरी खूण नामाची आहे. ‘ताडन’ हे नाम मारण्याच्याच अर्थाचे आहे. ‘माझे ताडन बरोबर निघाले’ असे अंदाजाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आपल्या वाक्यातली अडचण क्रियापदापुरती आहे. ‘काल आम्ही त्यास ताडन केले’ असे म्हटले तर घोटाळा उरत नाही, जरी वाक्य थोडे जड होते.

आता तुलसीदास. ती ओळ सुंदरकांडात समुद्राच्या तोंडी आहे, आणि ती तिथे कशी येते हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. रामाने विनवणी केली, तीन दिवस गेले, समुद्र बधला नाही; तेव्हा राम संतापून म्हणतो की भयावाचून प्रीती होत नाही, आणि बाण चढवतो. घाबरलेला समुद्र शरण येऊन म्हणतो, ‘प्रभु भल कीन्ह मोहि सिख दीन्ही’, म्हणजे आपण मला धडा शिकवलात हे बरे केले, आणि मग ती यादी येते. बाणाच्या धाकाने वठणीवर आलेला माणूस ‘मला समजून घ्या’ असे म्हणत नसतो. शिवाय यादीतला पहिला शब्द ढोल आहे. ढोलाला पारखून, मायेने जाणून घेऊन तो वाजत नाही. अर्थ बदलण्यामागचा हेतू मी समजू शकतो, कारण ती ओळ आज उच्चारायला जड जाते; पण कवीची ओळ सोयीस्कर करण्यासाठी शब्दाच्या अर्थाशी खेळणे मला मान्य नाही. ओळ न पटणे हा वाचकाचा हक्क आहे आणि तो अर्थ तसाच ठेवूनही बजावता येतो.

जाता जाता : त्या ओळीतला ‘अधिकारी’ हा शब्दही मराठी वाचकाला चकवतो. तिथे त्याचा अर्थ ‘पात्र’ असा आहे.

उत्तर : इतवारीकर

मी भाषेचा अभ्यासक नाही. आमचे घर सराफ्याच्या जवळ आहे आणि घरात पूर्वी सोनारकाम होते, त्यामुळे या शब्दाची मला ठाऊक असलेली जागा वेगळी आहे. चाणक्यनीतीतला एक श्लोक आमच्याकडे पाठ होता : ‘यथा चतुर्भिः कनकं परीक्ष्यते निघर्षणच्छेदनतापताडनैः’. सोन्याची परीक्षा चार प्रकारांनी होते, घासून, कापून, तापवून आणि ठोकून. पुढच्या चरणात माणसाची परीक्षा कशी करावी ते सांगितले आहे.

यातले ताडन ही शिक्षा नव्हे. कसोटीवर घासले तर रेघेच्या रंगावरून कस कळतो, पण तो वरच्या थराचा. कापले तर आत दुसरा धातू भरला आहे का ते दिसते. मुशीत तापवले तर हीण काळवंडून वेगळे पडू लागते. आणि ऐरणीवर ठोकले तर चांगले सोने कडांना न चिरता पसरत जाते, कारण त्याच्याइतका लवचीक धातू दुसरा नाही; शिसे अगदी थोडे मिसळलेले असले तरी ते ठिसूळ होते आणि हातोडीखाली तडकते. म्हणजे चारही परीक्षा वेगवेगळे काहीतरी सांगतात आणि ठोकण्याची परीक्षा जे सांगते ते घासण्यातून कळत नाही. ज्याने श्लोक रचला त्याने काम जवळून पाहिलेले असावे.

अर्थात सोनार स्वतः ‘ताडन’ म्हणत नाही. तो ‘ठोकणे’, ‘पत्रा काढणे’, ‘घडवणे’ म्हणतो. तसेच तबलजी गजऱ्यावर हातोडी मारून तबला लावतो, थाप देतो, पण त्यालाही ताडन म्हणत नाही. हा शब्द पोथीतलाच आहे. परंतु पोथीतही तो केवळ मारझोडीचा नाही, एवढे माझे म्हणणे आहे.

उत्तर : रामटेकचे संस्कृत अध्यापक

इतवारीकरांनी दिलेला श्लोक अतिशय उपयोगी आहे, आणि त्याच्या जोडीला याच शब्दाची आणखी काही उदाहरणे ठेवली तर नाट्यलेखिकांना पंतोजी आणि पुराणिकबुवा या दोघांच्याही तोंडची भाषा ठरवता येईल असे वाटते.

सर्वांत प्रसिद्ध जागा गुरु-शिष्यांची आहे. ‘लालने बहवो दोषास्ताडने बहवो गुणाः’ हे सुभाषित, आणि पाच वर्षे लाड करावेत, दहा वर्षे ताडन करावे, सोळावे लागले की मुलाला मित्र मानावे हे दुसरे, ही दोन्ही जुन्या काळी संस्कृताच्या पहिल्या पाठांबरोबरच मुलांच्या कानावर पडत. पण ही कल्पना चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या संग्रहांपेक्षा जुनी आहे. पाणिनीच्या ८.१.८ या सूत्रात असूया, कोप, निंदा, धाकदपटशा अशा प्रसंगी संबोधनाची द्विरुक्ती होते असे सांगितले आहे. त्यावरील महाभाष्यात पतंजलीने एक श्लोक उद्धृत केला आहे, त्याचा पहिला अर्धा असा : ‘सामृतैः पाणिभिर्घ्नन्ति गुरवो न विषोक्षितैः’. गुरू मारतात ते अमृत लावलेल्या हातांनी, विष लावलेल्या नव्हे. आणि पुढे म्हटले आहे की लाडातून दोष येतात, ताडनातून गुण. व्याकरणाच्या ग्रंथात, तेही रागावून हाक मारण्याच्या सूत्राखाली हा श्लोक यावा, यात मला तरी पाठशाळेतला खरा आवाज ऐकू येतो. आपले पंतोजी हा श्लोक नक्की जाणत असतील असे मी म्हणणार नाही, पण लालन-ताडनाचे सुभाषित त्यांना ठाऊक असणे अगदी संभवनीय आहे.

नाटकात आणि काव्यात मात्र हा शब्द वेगळ्याच रंगात येतो. सुंदर स्त्रीच्या पायाच्या आघाताने अशोक फुलतो असा कविसंकेत आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणीचा पाय दुखावलेला असल्यामुळे हे काम मालविकेकडे येते, आणि मालविका ही आपल्या विदर्भाची राजकन्या, याच नाटकाच्या शेवटी वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी, सीमा मानून विदर्भाचे दोन भाग केले जातात. तिच्या पायाला अळता लावण्यापासून ते लाथ मारण्यापर्यंतचा सगळा प्रसंग तिसऱ्या अंकात आहे, आणि त्याच अंकात दुसरी राणी इरावती चिडून कमरेची मेखला उगारून राजालाच मारायला धावते. एकाच अंकात झाडाला बसणारा आघात शुभ मानलेला आणि राजावर उगारलेला हात विनोदी केलेला, अशी ही मांडणी आहे.

याहून पुढे जाणारी कृती म्हणजे श्यामिलकाचा ‘पादताडितक’ हा भाण. एकाच पात्राने सगळे बोलायचे अशा या नाट्यप्रकारातले चार जुने भाण ‘चतुर्भाणी’ म्हणून एकत्र ओळखले जातात, त्यांतला हा एक. कथा अशी : मदनसेनिका नावाची गणिका विष्णुनाग नावाच्या ब्राह्मणाच्या मस्तकाला पाय लावते. एखादा रसिक यावर खूश झाला असता. हा गृहस्थ मात्र आपण अपवित्र झालो म्हणून प्रायश्चित्त मागत फिरतो. शास्त्री त्याला दाद देत नाहीत, तेव्हा प्रकरण विटांच्या, म्हणजे गणिकांच्या संगतीत रमणाऱ्या रंगेल रसिकांच्या, सभेपुढे जाते आणि तिथे एकेक विट आपापल्या परीने प्रायश्चित्ते सुचवतो. ती सगळी विष्णुनागाची टर उडवणारी आहेत. आपल्याकडे संस्कृत म्हटले की गंभीर चेहरा करण्याची प्रथा आहे. तिच्यावर या भाणासारखा उतारा नाही.

नादाच्या अर्थाकडेही एकदा पाहावे. ‘मेघदूता’च्या उत्तरार्धात यक्ष आपल्या घरातल्या मोराची आठवण सांगतो, त्याची पत्नी बांगड्यांच्या किणकिणाटासह ‘तालैः’ त्याला नाचवत असे. इथे ताल म्हणजे टाळ्या. हा ‘ताल’ शब्द ताडनाच्याच कुळातला असल्याचे मत भाषाशास्त्रात आहे. याउलट देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त शार्ङ्गदेवाने तो ‘तल’ या प्रतिष्ठा, म्हणजे आधार, या अर्थाच्या धातूपासून काढला आहे. संगीतकाराला ताल हा आधार वाटावा हे समजण्यासारखे आहे.

उत्तर : इंदोऱ्याचा वाचक

सरांचे उत्तर वाचून आनंद झाला, तरी या शब्दाची एक जागा सर्वांनीच वगळली, आणि माझ्या मते तिच्याशिवाय शब्दाचा अर्थ पुरा होत नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील २९९ वा श्लोक पाहावा : ‘भार्या पुत्रश्च दासश्च प्रेष्यो भ्राता च सोदरः । प्राप्तापराधास्ताड्याः स्यू रज्ज्वा वेणुदलेन वा’. बायको, मुलगा, दास, नोकर आणि सख्खा धाकटा भाऊ यांनी अपराध केल्यास त्यांना दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारावे; लगेच पुढच्या श्लोकात मारायचे ते पाठीवर, डोक्यावर कधीही नाही, असे बंधन आहे. चौथ्या अध्यायात (१६४) तर दुसऱ्या कुणावर दांडा उगारू नये, अपवाद मुलगा आणि शिष्य यांचा, त्यांना शिस्तीसाठी ताडावे, असे म्हटले आहे. बंधन घातले आहे याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मी लक्ष वेधतो आहे ते ‘ताड्य’ या रूपाकडे. ‘पूज्य’, ‘वंद्य’, ‘दंड्य’ यांसारखाच हा शब्द आहे : ज्याला मारणे योग्य आहे असा. माणसाला मारण्यासंबंधीच्या या वचनांत मारणारा, त्याचा हक्क आणि मार खाणाऱ्याची पात्रता या तिन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. रस्त्यावर दोघे भांडले आणि एकाने दुसऱ्याला हाणले, तर त्याला ताडन म्हणत नाहीत.

ही गोष्ट एकदा ध्यानात आली की वर दिलेली उदाहरणेही निराळी दिसू लागतात. गुरूने शिष्याला मारले तर ते ताडन आणि त्यातून गुण. मदनसेनिकेने ब्राह्मणाच्या डोक्याला पाय लावला तर त्याच शब्दाचा फार्स होतो, कारण ज्याच्याकडे हक्क नाही त्याच्याकडून ताडन घडले आहे. इरावतीची मेखला हसू आणते तीही त्याच कारणाने.

आणि मार खाणारा काय म्हणतो? चोखोबांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे : ‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद । बडवे मज मारिती ऐसा कांहीं तरी अपराध’. तिथे ‘मारिती’ आहे. पंढरपूरच्या बडव्यांना आपण करतो ते न्याय्य शासन वाटत असेल, पण चोखोबा त्याला त्या नावाने ओळखत नाहीत. ते ‘असा कोणता अपराध’ असे विचारतात, म्हणजे मनूच्या श्लोकातील ‘प्राप्तापराध’ या अटीवरच बोट ठेवतात.

सोन्याच्या श्लोकावरून एक आठवले. बौद्ध परंपरेत बुद्धवचन म्हणून चालत आलेला आणि शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त आढळणारा श्लोक असा आहे : ‘तापाच्छेदाच्च निकषात्सुवर्णमिव पण्डितैः । परीक्ष्य भिक्षवो ग्राह्यं मद्वचो न तु गौरवात्’. तापवून, कापून आणि कसाला लावून सोने पारखावे तसे माझे वचन पारखून घ्या, माझ्याविषयीच्या आदरापोटी घेऊ नका. इथे परीक्षा तीनच आहेत, ताडन नाही. त्यात हेतू असेल असे मी म्हणत नाही, छंदाची सोयही असू शकेल. दोन्ही श्लोक शेजारी ठेवून वाचावेत एवढीच सूचना आहे.

उत्तर : कोशवाचक, धंतोली

इंदोऱ्याच्या वाचकांनी ‘ताड्य’ रूपाबद्दल जे लिहिले ते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते मला पटते. चोखोबांच्या अभंगावरून काढलेला निष्कर्ष मात्र मी जरा राखून स्वीकारीन. ‘ताडन’ हा तत्सम शब्द आहे. संतांची मराठी लोकांच्या बोलण्याजवळची आहे आणि मार देणाऱ्याच्या बाजूनेही ती हा शब्द टाळताना दिसते. तुकोबांनी नाठाळाला काठी देण्याचे म्हटले, तिथे गाथेच्या छापील पाठात ‘काठी देऊं माथां’ असे आहे आणि लोकांच्या तोंडी ‘माथी हाणू काठी’ असे आहे. दोन्हींत ताडन नाही. ‘तुका म्हणे ऐशा नरा । मोजुनि माराव्या पैजारा’ इथे तर मारण्याची वस्तू फारसीतून आलेली आहे, पैजार म्हणजे जोडा. आपल्या नागपुरी हिंदीत ‘जूती-पैजार’ अजून ऐकू येते, ती हीच. म्हणजे तुकोबांच्या हातात काठी आणि जोडा दोन्ही असताना त्यांनीही पोथीतला शब्द घेतलेला नाही. तेव्हा शब्दाची निवड जशी मारणाऱ्याच्या-खाणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून आहे, तशीच ती भाषेच्या थरावरही आहे.

उत्तर : इंदोऱ्याचा वाचक

थराचा मुद्दा बरोबर आहे, पण तो थर कुणाच्या ताब्यात होता हाही प्रश्न त्यात आहेच. शिवाय तुकोबांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बाधक नाही : नाठाळाला काठी देणारे तुकोबा कोणत्याही शास्त्राने दिलेला हक्क बजावत नाहीत, ते स्वतःच्या संतापाने बोलत आहेत, आणि ती भाषा ‘देऊं’ आणि ‘माराव्या’ अशीच असणार. यावर आपण दोघे बरेच लिहू शकू, तूर्त नाट्यलेखिकांच्या वाक्याकडे वळावे.

महालची नाट्यलेखिका

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून माझी पात्रे भाषेने वेगळी करण्याची वाट सापडली आहे. पुराणिकबुवा ओवी समजावून सांगताना ‘ताडन’ हा शब्द सहज वापरतील, कारण त्यांची भाषा पोथीचीच आहे. पंतोजी मुलाच्या बापासमोर आपली बाजू मांडताना लालन-ताडनाचे सुभाषित म्हणतील आणि ‘ताडन केले’ असे म्हणतील. एरवी मुलांशी बोलताना त्यांच्या तोंडी छडी आणि वेत असतील. मुलगा आपल्या आईजवळ ‘पंतोजींनी मारलं’ एवढेच सांगेल. ‘ताडिले’ हे रूप मी काढून टाकते, कारण प्रेक्षकाला तिथल्या तिथे अर्थ कळला पाहिजे आणि रंगमंचावर तळटीप देता येत नाही.

मार खाणाऱ्याचा शब्द वेगळा असतो, हे मला एका प्रसंगात थेट वापरता येईल. बाप तक्रार घेऊन येतो तेव्हा तो ‘मार’ म्हणतो आणि पंतोजी प्रत्येक वेळी त्याचा शब्द दुरुस्त करून ‘ताडन’ म्हणतात, असे संवाद मी आता नव्याने लिहिते आहे.

एक शंका उरली. कोतवालीतला कारकून अशाच एका प्रसंगाची नोंद लिहितो. भोसल्यांच्या दफ्तरातील माणूस ‘ताडन’ लिहील का? आणि हिंदी वृत्तपत्रांत रोज दिसणारा ‘प्रताड़ना’ हा शब्द मी त्याच्या तोंडी देऊ शकते का?

उत्तर : कोशवाचक, धंतोली

कारकुनाच्या लेखणीत ‘ताडन’ शोभेल असे मला वाटत नाही. मराठी दफ्तराची भाषा त्या काळापर्यंत फारसीने भारलेली होती आणि शिक्षेसाठी तिचे स्वतःचे शब्द होते. बंडखोर, चोर किंवा पुंड यांना शासन केले की ‘पारिपत्य केले’ असे लिहीत. हा शब्द संस्कृत वळणाचा असला तरी तो दफ्तरातला आहे, पोथीतला नाही. दुसरा शब्द ‘तंबी’. आज तंबी म्हणजे तोंडी ताकीद, पण जुन्या मराठीत तिचा अर्थ प्रत्यक्ष शिक्षेपर्यंत जातो, त्यामुळे ‘तंबी पोंचविली’ असे वाक्य वाचून आजच्या वाचकाने केवळ दटावणी समजू नये. प्रत्यक्ष फटक्यांचा उल्लेख करायचा असेल तर ‘कोरडे मारिले’. कोरडा म्हणजे चाबूक, जो आता अग्रलेखांतून ओढण्यापुरता उरला आहे. आपल्या नाटकातला कारकून थोडा खोचक असेल तर तो मित्राजवळ ‘चौदावे रत्न दाखविले’ असेही म्हणू शकेल. मंगलाष्टकांत येणाऱ्या समुद्रमंथनाच्या श्लोकात लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक अशी चौदा रत्ने मोजलेली आहेत आणि त्यांत चाबूक कुठेही नाही; हे रत्न मराठी माणसाने आपल्या पदरचे घातलेले आहे.

‘प्रताड़ना’ टाळावा. तो आजच्या हिंदी बातम्यांतील आणि कज्ज्यांतील शब्द आहे, आणि मराठीत त्या जागी आपण ‘छळ’ म्हणतो. नागपुरात दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे एकाच टपरीवर वाचली जातात, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो एवढेच.

उत्तर : रामटेकचे संस्कृत अध्यापक

संवाद दुरुस्त करणारे पंतोजी ही कल्पना उत्तम आहे. त्या प्रसंगात सुभाषित म्हणवून घेणार असाल तर ‘ताडयेन्न तु लालयेत्’ हा शेवटचा चरण बापाच्या कानावर पडेल असा ठेवावा, कारण ‘पुत्रं च शिष्यं च’ हे शब्द त्याच्या लगेच आधी येतात. शिष्याच्या आधी पुत्राचा उल्लेख ऐकून बाप ‘मग घरी मीही मारावं म्हणता?’ असे विचारू शकतो. उत्तर काय द्यायचे ते पंतोजींचे पंतोजी पाहतील. उच्चाराबद्दल एक सूचना : ‘ताडयेत्’ आणि पुढचा ‘न’ यांचा संधी होऊन ‘ताडयेन्न’ होते, ते नटाने तोडून म्हणू नये, नाहीतर नेमका उलटा, ‘ताडू नये’ असा अर्थ ऐकू येईल.